उषानं पुसलेली ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा आजारपणात दवाखान्यात पडले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझं लग्न, माझी सासू, माझं सगळं रामायण ऐकवलं होतं — पण हे नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी आता काय फरक पडतो? फक्त आधीच एक सांगून ठेवते. पदर डोळ्याला लावून बसलेली म्हातारी बघायची असेल, तर दुसरं घर शोधा. मी रडणार नाही. मी वाईट वागले होते, आणि ते मला सरळ सांगायचं आहे.

सरळ म्हणते खरी, पण कुठून सुरू करू?

सेलवासपासून करते. सरकारी पाटीवर सिल्वासा लिहिलेलं असतं, राहणारे सेलवास म्हणतात. पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही नाशिकहून तिथे गेलो. ह्यांना जवळच्याच सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी लागली होती. तेव्हा तिथे जिकडे बघाल तिकडे नवी शेड उभी राहत होती, आणि शेड उभी राहिली की खानदेशातून, उत्तर प्रदेशातून, गुजरातच्या गावागावांतून माणसं येत होती. नाशिकला गेलं आणि सेलवासला राहतो म्हटलं, की पुरुष मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. गुजरातेत दारूबंदी, आणि आमचं गाव केंद्रशासित, तिथे दारूची दुकानंच दुकानं — त्यांना आमच्या गावाची माहिती तेवढीच. आमच्या खोल्यांच्या ओळीत मात्र बायकांना बाटलीइतकीच पोरांच्या दहावीची धास्ती होती.

कारण त्या पोरांची पंचाईतच तशी होती. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, गल्लीत तिसरी. अकरावीपासून तर पुस्तक इंग्रजी, शिकवणं अर्धं गुजरातीत अर्धं हिंदीत, आणि पोराचं डोकं चालतंय मराठीत. गणित मधल्यामध्ये कुठे सांडायचं ते कुणालाच कळायचं नाही. शेजारचा एक मुलगा अपूर्णांकावरून रोज मार खायचा. त्याचं रडणं ऐकून माझं डोकं उठलं, म्हणून एका दुपारी त्याला व्हरांड्यात बसवलं. दया वगैरे काही नाही, मला झोप हवी होती. दुसऱ्या दिवशी तो मित्राला घेऊन आला. पुढच्या महिन्यात ह्यांनी काळा रंग आणला आणि व्हरांड्याची अख्खी भिंत रंगवून दिली.

ही शिकवणी नव्हती, हे लक्षात घ्या. नाव घालायचं नाही, वर्ग नाही, तुकडी नाही. चार वाजता दार उघडायचं, दिवेलागणीला बंद. अडलं की यायचं, सुटलं की जायचं. पाचवीचा भागाकारासाठी यायचा आणि त्याच्या शेजारी बारावीची मुलगी इंटिग्रेशनचं उदाहरण घेऊन उभी असायची. मराठी पोरं मला बाई म्हणत, गुजराती बेन, आणि उत्तरेकडची मॅडमजी. मला तिन्ही आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

आता पहिली गोष्ट. मी सगळ्यांना सांगितलं होतं, की मी गणितात बी.एस्सी. आहे. ते खोटं होतं. बारावीपर्यंत मी आमच्या तालुक्याच्या गावात गणितात पहिली. मास्तर माझी वही इतर वर्गांत फिरवायचे. मग नाशिकला कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी गणितात आपटले. परीक्षेला पुन्हा बसले नाही. वडिलांनी स्थळ बघितलं. ह्यांना हे ठाऊक होतं, पण सेलवासला कोण विचारायला येणार? एका आईनं विचारलं, बाई, तुम्ही कितवी शिकलात? मी म्हटलं, बी.एस्सी., गणित. इतकं सहज तोंडातून निघालं, की मलाच पटलं.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. नाही हो. ह्या खोट्याची मला काडीची लाज वाटत नाही. "बारावी पास, पुढे नापास" असं सांगितलं असतं तर त्या व्हरांड्यात एक चिमणी आली नसती. दहावी-बारावीचं गणित मला येत होतं, आणि त्या गावातल्या पदवीवाल्यांपेक्षा बरं शिकवता येत होतं. उद्या पुन्हा तसंच कुणी विचारलं तर मी पुन्हा बी.एस्सी. म्हणेन. ज्यांना ह्यात पाप दिसतं त्यांनी आपल्या पोरांना घेऊन खुशाल पदवीवाल्यांच्या दारात उभं राहावं.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. ते उषाचं आहे.

पण उषाच्या आधी माझी पद्धत सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला कळणार नाही मी काय केलं ते. माझी पद्धत एका शब्दाची होती — मग? मी कधी गणित सोडवून दाखवायची नाही. पोरानं भिंतीपाशी उभं राहायचं, खडू हातात घ्यायचा आणि पहिली ओळ लिहायची. मी मागे मोडक्या खुर्चीत. ओळ झाली की मी म्हणायची, मग? त्यानं दुसरी लिहायची. मग? गुजराती पोरांना पछी, हिंदीवाल्यांना फिर. बरोबर असलं तरी मग, चूक असलं तरी मग. फक्त सुरात फरक. बरोबर असलं की माझा आवाज वर जायचा, पुढे चल म्हणून. चुकलं की तोच शब्द खाली पडायचा, सपाट. तेवढ्यावर पोर ओळखायचं, चूक हुडकायचं, तळहातानं ती ओळ पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. मी ओरडले नाही, कुणाला कधी मारलं नाही. महिनाभरात पोरं माझ्याशिवाय, घरी बसून, मनातल्या मनात स्वतःला मग विचारायला लागायची. आयाबाया सांगायच्या, झोपेत बडबडतो हो, मग, मग. ही पद्धत मला कुणी शिकवली नव्हती. ती माझी होती, आणि चांगली होती. आजही म्हणते, चांगली होती.

उषा आठवीत असताना आली. वडील हिरामणभाऊ, अमळनेरकडचे, आमच्या ह्यांच्याच कारखान्यात मशीनवर. पोरगी काळीसावळी, लांब वेणीची, आणि तोंडाची फटकळ. मी मग म्हटलं की इतर पोरं घाबरून भिंतीकडे बघायची. ही मागे वळून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "थांबा ना बाई, विचार करी राहिले ना मी!" मला हसू यायचं. ती उत्तराला पोचायची आणि तिथे थांबायची नाही. दुसऱ्या वाटेनं येतं का बघायची, तिसऱ्या वाटेनं. एखादं उदाहरण सुटलं की हिरमुसायची, संपलं म्हणून. तशी दुसरी मुलगी त्या व्हरांड्यात आली नाही. मुलगाही नाही.

बारावीला तिला गणितात असे गुण पडले, की हिरामणभाऊंनी अख्ख्या ओळीत पेढे वाटले आणि पहिला मला दिला. पुढे काय, हा प्रश्न आला. त्यांच्या मनात डी.एड. होतं — पोरगी मास्तरीण झाली की झालं. मीच म्हटलं, नाही, गणितात बी.एस्सी. करू दे, नाशिकला तिचा मामा आहे, तिथे राहील. मीच पाठवलं तिला. का पाठवलं? ती हुशार होती म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की जिथे मी पडले तिथून माझी पोरगी नाक वर करून बाहेर पडावी. माझी पोरगी — हे मी मनात म्हणत होते, हिरामणभाऊंच्या बायकोसमोर बसून, तिचाच पेढा खात.

आणि जाताना ती पाया पडायला आली, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, तिथलं गणित वेगळं राहतं का?"

आता बघा. त्या वेळी मला सगळं माहीत होतं. शाळेचं गणित विचारतं उत्तर किती. तिथलं गणित विचारतं, कशावरून? आणि हा प्रश्न बदललेला आहे, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून लिहीत जातात, शहरातली मुलं माना डोलावतात, आणि तुम्ही, तालुक्याची पहिली, बाकावर बसून स्वतःच्या डोक्याला शिव्या घालता. मी ह्याच खड्ड्यात पडले होते. तिला एवढं म्हणायचं होतं — हो गं, वेगळं असतं, मी तिथे नापास झाले, पहिले काही महिने काही कळणार नाही, घाबरू नकोस. एका श्वासात झालं असतं. मी म्हटलं, "वेगळं काय असायचंय? तेच गणित, फक्त पानं जास्त."

हेही नाही ते. जवळ आलंय पण.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. जव्हारकडून येणाऱ्या एस.टी.नं आली आणि सामान घरात टाकून सरळ माझ्याकडे. वाळली होती. पोरं होती म्हणून पायरीवर बसून राहिली. गर्दी जरा कमी झाल्यावर म्हणाली, "बाई, मला काहीच समजी नाही राहिलं तिथं. सगळे समजल्यासारखं करतात. मी एकटीच बावळट." मग उठली, खडू घेतला आणि भिंतीवर एक वाक्य लिहिलं.

ते वाक्य मी ओळखलं. सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या — त्यात एक एप्सिलॉन आणि एक डेल्टा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जे वाक्य माझ्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं आणि जे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, ते आता माझ्या घराच्या भिंतीवर, माझ्या खडूनं, उषाच्या सुंदर अक्षरात. मला तेव्हाही ते कळत नव्हतं. एक अक्षर कळत नव्हतं. आणि ती माझ्याकडे वळून बघत होती, अगदी आठवीत बघायची तशी.

मी काय केलं असेल?

मी खुर्चीत मागे टेकले आणि म्हटलं, मग?

तुम्हाला कळतंय का हे? शिकवण्याची पद्धत होती ती, मी तिच्या आडोशाला लपले. मग म्हणायला काही यावं लागत नाही. कुणीही म्हणू शकतो. शेळ्या चारणारा म्हणू शकतो. आजवर मी ते म्हणत होते तेव्हा उत्तर माझ्याजवळ असायचं. त्या दिवशी माझ्याजवळ काहीही नव्हतं, फक्त तो शब्द होता, आणि उषाला वाटत होतं की बाईंना येतंय, बाई वाट बघतायत.

त्या सुट्टीत ती रोज आली. फराळ करायचं सोडून आली. भिंतीपाशी उभी राहायची, व्याख्या लिहायची, खाली एक साधं उदाहरण. मी, मग? ती काही लिहायची, पुसायची. तिचा तळहात पांढरा, ओढणी पांढरी. आठवीपासून जी मुलगी मला थांबा ना म्हणायची, ती आता म्हणेनाशी झाली होती. माझ्या तोंडाकडे बघायची, काही सापडतं का म्हणून. मी तोंड बंद दारासारखं करून बसायची. मला येत नाही गं, एवढे चार शब्द. समोरच्या ओळीतल्या एखाद्या बाईनं ऐकले असते, तर काय झालं असतं? बेन गेली असती, मॅडमजी गेली असती. मी पुन्हा एका मेंटेनन्सवाल्याची बायको झाले असते. बस, एवढंच जाणार होतं. एवढ्यासाठी मी तोंड उघडलं नाही.

आणि एका दुपारी — हे आता आलं — एका दुपारी ती खडू घेऊन भिंतीपाशी उभी होती. व्हरांड्यात सात-आठ लहान पोरं होती. उदाहरण अगदी सोपं होतं, एका संख्येची दुप्पट करायची, एवढंच. ती भिंतीकडे बघत होती, आणि मला मागूनही कळलं की तिला काहीतरी दिसलंय. तेव्हा तिचे खांदे ताठ व्हायचे. तिनं हळूच लिहिलं — डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले दोन. एवढी एकच ओळ. मग वळली आणि विचारलं, "बाई, हा डेल्टा आपणच घ्यायचा असंल का? आपल्या मनानं?"

मी हसले.

मी म्हटलं, "मनानं? गणितात मनानं?" पोरं खिदळली. पोरांना काय, बाई हसल्या की हसायचं. मला खरंच वाटलं होतं ती चुकली आहे. शाळेच्या गणितात कुणी मनानं काही घेत नाही. दिलेलं असतं, त्यातून काढायचं असतं. माझ्या डोक्यात तेवढंच गणित होतं. पण तेही जाऊ द्या — माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले नाही. तिनं लिहिलेल्या ओळीकडे बघितलं आणि म्हटलं, मग? खालच्या सुरात. सपाट. तो सूर चुकलेल्यांचा होता, आणि उषा तो सूर चार-पाच वर्षं ऐकत आली होती.

तिनं ती ओळ तळहातानं पुसली.

त्या सुट्टीत नंतर तिनं भिंतीवर काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी हिरामणभाऊ तिला घेऊन आले. ड्युटीवरून परस्पर आले होते, कपड्यांना धाग्याचे तुकडे चिकटलेले. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "बाई, पोरगी म्हणते मला नाही जमणार. मामाकडचे बी म्हणतात, कशाला हाल करता तिचे. पण मी म्हटलं, बाईंना विचारतो. तुम्ही सांगशात तसं करू. परत धाडू का राहू देऊ?"

विचार करा, माणूस किती सरळ. नातेवाईकांचं ऐकलं नाही, पोरीचंही ऐकलं नाही, माझ्या शब्दासाठी थांबला. ती नाशिकला परत जाणार की नाही, हे त्या व्हरांड्यात माझ्या जिभेवर होतं. ती त्यांच्या मागे उभी होती, दाराच्या चौकटीला टेकून. मला जर तेव्हाही म्हणता आलं असतं, की जाऊ द्या, पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं, तर ती गेली असती. पण ती गेली असती तर नाताळात पुन्हा आली असती, उन्हाळ्यात पुन्हा आली असती, नवी नवी वाक्यं घेऊन. दर सुट्टीत मला त्या खुर्चीत बसावं लागलं असतं. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं असतं.

मी म्हटलं, "खरं सांगू का भाऊ, शाळेपर्यंत ठीक होतं. पुढचं डोकं नाही तिचं."

शब्द तेच आहेत. मी ते जरा मऊ करून सांगू शकले असते तुम्हाला, पण कशाला? हिरामणभाऊंनी मान हलवली. उषानंही हलवली. रडली नाही. बाई म्हणतायत म्हणजे तसंच असणार, असा तिचा चेहरा झाला, आणि तो चेहरा बघून मला — हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगते — मला सुटल्यासारखं वाटलं.

ती काही महिने सायलीला पॅकिंगमध्ये लागली. सकाळी कंपनीच्या बसला जाताना माझ्या दारावरून जायची आणि नमस्कार बाई म्हणायची. मी नमस्कार म्हणायची. पुढच्या वर्षी अमळनेरलाच स्थळ जमलं. लग्नाला आम्ही गेलो होतो. मी पंगतीत बसून जेवले.

व्हरांडा मी बंद केला नाही. का करू? भागाकार घेऊन येणारी पोरं त्यानंतरही येतच होती, आणि त्यांना मी शिकवत होते, चांगलं शिकवत होते. प्रायश्चित्त म्हणून मी काही सोडलं असेल अशी अपेक्षा असेल, तर तसं काही नाही. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही इतक्यांचं भलं केलंत, एकीचं चुकलं. असला हिशेब मला मांडून दाखवू नका. ज्यांचं भलं झालं ती उषा नव्हती. आणि कुणी म्हणेल, तुम्हीही बिचाऱ्या शिकायला निघालेल्या, तुमचंही तिथे नुकसान झालं. झालं ना. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर माझा अपराध जास्त. ज्याला ठेच लागलीच नाही, त्यानं दगड दाखवला नाही तर एक वेळ समजू शकतं.

तिच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी मी नाशिकला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पहिल्या वर्षाचं ते पुस्तक घेतलं. दुपारी ह्यांची पहिली पाळी आणि पोरं यायच्या आधीची वेळ, तेव्हा एकटीनं वाचायला बसले. मला कुणी मग म्हणणारं नव्हतं. एक अख्खा उन्हाळा गेला. आणि मग एकदा, तांदूळ निवडताना, ते मला कळलं. अवघड काही नव्हतं हो. समोरचा म्हणतो, मला उत्तराच्या इतकं जवळ आणून दाखव — तो जवळपणा म्हणजे एप्सिलॉन, तो त्यानं सांगायचा. आपण म्हणायचं, ठीक आहे, मग मी संख्या एवढ्या अंतराच्या आत ठेवते — ते अंतर म्हणजे डेल्टा. तो कुणी देत नाही. पुस्तकात नसतो, फळ्यावर नसतो. तो आपण घ्यायचा. आपल्या मनानं. दुप्पट करायची असेल तर एप्सिलॉनच्या निम्मा घ्यायचा. भागिले दोन.

सूप मांडीवर होतं. मी ते खाली ठेवलं नाही, निवडत राहिले. तिला सापडलं होतं. प्राध्यापकानं नाही, पुस्तकानं नाही, तिचं तिनं भिंतीकडे बघत बघत शोधून काढलं होतं, जे मला वर्षभर कॉलेजचा रस्ता तुडवून सापडलं नव्हतं. आणि बरोबर ओळ लिहून ती वळली, तेव्हा मी पोरांना तिच्यावर हसवलं.

त्या दिवशी मी तिला लिहू शकले असते. अमळनेर काय विलायत आहे? हिरामणभाऊ रोज आमच्या ह्यांच्याबरोबर एका शेडमध्ये होते. मी त्यांनाही काही बोलले नाही. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं, ते घ्यायची, आमचं द्यायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ती आली. हिरामणभाऊ नोकरी सोडून गावी परत निघाले होते, त्यांची आवराआवर करायला. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. आतल्या खोलीत बसली, भरल्या अंगाची, कपाळाला मोठं कुंकू, बोलण्यात अजून तोच फटकळपणा. मुलगी खेळत होती आणि कपाटातले डबे आकारानं लावत होती. मी म्हटलं, हुशार दिसते. उषा हसली. म्हणाली, "तिच्या बापावर गेली असंल. तिचा अभ्यास तेच घेतात बाई. आकडे आले की मी आपली स्वयंपाकघरात पळते. मला कुठं गणित येतं!"

मी खाली बघत चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. तिला वाटलं, मला वाईट वाटलं. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही त्या वेळी खरं सांगितलं ना बाई, म्हणून बरं झालं. दुसरं कुणी असतं तर मला तोंडावर चांगलं म्हटलं असतं, आणि मी तिथंच सडत राहिले असते."

दार उघडं होतं. घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं. ती माझा हात धरून बसली होती, आणि मला आता उत्तर येत होतं, ओळ न् ओळ येत होती.

मी म्हटलं, "चहा घे, गार होतोय."

तिनं चहा घेतला. मुलीला बोलावलं, माझ्या पाया पडायला लावलं, आणि गेली. तिला मी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. तिला गणित येत होतं. मला येत नव्हतं.